कूलरला हात लावू नका

मी एक जुना कूलर आहे मित्रांनो. सध्या दोंडाईच्यात एका धाब्यावर, म्हणजे चाळीच्या सपाट छतावर, उन्हात, उपड्या घातलेल्या घमेल्याशेजारी बसलेला असतो. माझा निळा रंग उडालाय. एका पायाखाली वीट आहे. माझ्यात आता चिमण्यासुद्धा घरटं करत नाहीत. त्यांना काहीतरी कळत असावं.

खालून आत्ता काहीतरी ओढत आणल्याचा आवाज येतोय. तो आवाज मी ओळखतो आणि तो मला आवडत नाही. म्हणून माझी गोष्ट जरा घाईत सांगतो. मध्येच थांबलो तर समजून घ्या.

माझा जन्म धुळ्याचा. तिथे एका पत्र्याच्या दुकानात मला ठोकून ठोकून तयार केलं. समोर पंखा आणि बटण. उरलेल्या तिन्ही बाजूंना गवत भरलेल्या जाळ्या. खाली पाण्याची टाकी. पंख्याचं पातं बसवताना कारागिराचं बोट कापलं. तो म्हणाला, "लई धार शे रे याले." मी तेव्हा लहान होतो. मला ते कौतुक वाटलं.

मग एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात चुडामण आला. नवं लग्न, एक तान्ही मुलगी, दोंडाईच्यात मिरचीच्या व्यापाऱ्याकडे पोती मोजायची नोकरी आणि भाईदास नानांच्या चाळीत एक खोली. चुडामण माणूस फार चांगला. फक्त त्याला स्वस्तात मिळालेली कुठलीही वस्तू सोडवत नसे. त्याने माझ्यासमोर उभं राहून चेहऱ्यावर हवा घेतली, डोळे मिटले, आणि मी त्याचा झालो.

पैसे त्याच्याकडे नव्हते. पैसे भाईदास नानांकडे होते. नाना चाळीचे मालक. ते व्याजाने द्यायचे पण तसं म्हणायचे नाहीत. "अडीनडीले कामे येवा, दुसरं काय," असं म्हणायचे आणि काहीतरी ठेवून घ्यायचे. चुडामणचं त्यांनी काय ठेवून घेतलं? लताची पोत. लता म्हणजे चुडामणची बायको. तिच्या आईने, ताईबाईंनी, स्वतःच्या बांगड्या मोडून लग्नात तिला घातलेली सोन्याची पोत. लताने ती गळ्यातून काढली, नानांच्या हातावर ठेवली आणि त्या दिवसापासून काळ्या मण्यांत पितळेचे मणी ओवून घालायला लागली. पदर गळ्याभोवती घट्ट घ्यायची. त्या उन्हाळ्यातसुद्धा.

म्हणजे बघा मित्रांनो, घरात पहिला गारवा आला तो असा.

पहिल्याच दिवशी मी पराक्रम केला. खिडकीमागच्या मोकळ्या जागेत व्यापाऱ्याची मिरची वाळत घातली होती. लाल गालिचाच जणू. मी सुरू झालो, मागून हवा ओढली आणि समोरून सोडली. चुडामण, लता, तान्ही सुगंधा आणि मला बघायला आलेली निम्मी चाळ इतकी खोकली की समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर धावत आला. तोही खोकला. त्याला वाटलं साथ आली.

पण दुसऱ्या दिवशी मिरची उचलली आणि लोक परत आले. अख्ख्या चाळीत मी एकटाच कूलर. बाहेर झळा, आत मी. लोक माझ्यासमोर येऊन बसायचे. आलेल्याला चहा द्यायला लागतो. चहाला कप कमी पडले म्हणून चुडामणने कपबशांचा सेट घेतला. माणसं जमिनीवर किती बसणार, म्हणून खुर्च्या घेतल्या. खुर्चीवर बसलेली माणसं कंटाळली म्हणून हप्त्याने टीव्ही घेतला. टीव्ही बघायला आणखी माणसं आली. त्यांना कप पुरेनात.

प्रत्येक वेळी चुडामण नानांकडे जायचा. प्रत्येक वेळी नाना म्हणायचे, "घे रे बाबा, घे. तुनंच शे." आणि संध्याकाळी नाना स्वतः येऊन त्याच खुर्चीवर बसायचे, त्याच कपातून चहा प्यायचे, तोच टीव्ही बघायचे आणि म्हणायचे, "चुडामणनं घर म्हणजे घर!"

मी हवा देत होतो. मला वाटत होतं, माझ्यामुळे घर भरलं. हळूहळू लक्षात आलं, घरात आलेली प्रत्येक वस्तू नानांचीच होती. ती फक्त आमच्याकडे ठेवायला दिली होती.

पावसाळा सरला. थंडीत मला खिडकीतून आत घेतलं, वर गोधड्या रचल्या. एका सकाळी नाना दारात आले. बसले नाहीत. तेव्हाच लताच्या हातातलं लाटणं थांबलं.

"चुडामण," ते म्हणाले, "आखाजी व्हयनी का दुसरा दिन सकाये पोत सोनारकडे. मंग मना कडे काही मांगानं नही." म्हणजे तोवर पैसे फिटले नाहीत तर पोत विकली जाणार.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या खान्देशात फार मोठी. वर्षाचे व्यवहार त्या दिवशी मिटतात. सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. आणि मागे राहिलेले पुरुष पत्ते खेळतात. पैसे लावून. त्यावरून त्या दिवशी कोणी कोणाला रागावत नाही. तशी रीतच आहे.

लता नाना गेल्याबरोबर उठली. तिने खुर्च्या मोजल्या, कप मोजले. मग घर चालवायला स्वतःच्या हातात घेतलं. खुर्च्या विकल्या. टीव्ही दुकानदाराला परत केला. साड्यांना फॉल लावायला घेतले. व्यापाऱ्याच्या घरचे पापड-कुरडया करायला जायला लागली. येताना चुडामणचा पगारही तिथूनच, व्यापाऱ्याच्या बायकोकडून घेऊन यायला लागली. त्यातून थोडं थोडं बाजूला पडू लागलं.

आता ते ठेवायचं कुठे? कारण चुडामणचं नाक वेगळंच होतं. आंधळ्या माणसाला पाऊस कळतो तसं त्याला घरातलं पैशाचं ठिकाण कळायचं. तिने तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवले, त्याला त्याच दिवशी वरण करायची हौस आली. तिने गोधडीत शिवले, त्याला गोधडी उन्हात टाकायची बुद्धी झाली. तिसऱ्यांदा देवाच्या फोटोमागे ठेवले, आणि जन्मात कधी फडकं हातात न घेतलेला हा माणूस फोटो पुसायला लागला.

आणि त्या पैशांचं त्याने काय आणलं? एक शिडी. लाकडी, भली लांब शिडी. बाजारात कोणीतरी निम्म्या किमतीत देत होतं. आमच्या एका खोलीत ती उभी राहीना, आडवी मावेना. शेवटी तिरपी ठेवली. घरात जायचं तर तिच्याखालून वाकून जायला लागायचं.

"काय कामनी शे हाई?" लता म्हणाली. 

"कामे येई कधी तं," चुडामण म्हणाला. "एवढी स्वस्त परत भेटाव नही."

त्या दुपारी तो कामावर गेल्यावर लता शिडीखाली बसून राहिली. मग तिची नजर माझ्याकडे वळली. ती उठली. गोधड्या बाजूला केल्या. माझी डावी जाळी काढली, गवत उसवलं, सुगंधाच्या जुन्या झबल्याच्या कापडात नोटा गुंडाळल्या, दोरा बांधला आणि आत खुपसून जाळी परत लावली.

मित्रांनो, मला फार अभिमान वाटला. आणि लगेच एक गार काटा अंगभर फिरला. कारण ती जागा माझ्या पात्याच्या अगदी जवळ होती.

हिवाळाभर तिची पुरचुंडी वाढत गेली. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. चुडामण घरभर हुंगत फिरायचा, पण माझ्याकडे कधी वळला नाही. थंडीत कूलरकडे कोण बघतो?

मग होळी पेटली. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा बदलला.

तुम्ही खान्देशातला उन्हाळा पाहिला असेल तर सांगायला नको. तो एकदम येत नाही. आधी भिंती गरम होतात. मग पाणी. मग माणसं एकमेकांशी कमी बोलतात. मी खिडकीत परत बसलो होतो आणि रोज ऊन एक एक फरशी पुढे सरकत होतं. रोज कोणीतरी माझ्याकडे बघायचं. त्यांच्या नजरेत प्रेम होतं. मला त्या प्रेमाची भीती वाटायची.

पहिल्यांदा झुलालने विचारलं. झुलाल म्हणजे चुडामणचा दोस्त, शेजारच्या खोलीतला. तोंडाने फटकळ, खिशाने रिकामा.

"वहिनी, हाई कूलर शे का देव? नुसतं पूजासाठे ठेयेल शे का?"

लता पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "करंट मारस तो."

मी हबकलो. मी? करंट? माझ्यात एक वायर सुटलेली नव्हती. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मग माझ्या लक्षात आलं, ती काय करत होती. कूलर नाही म्हणजे माणसं येणार नाहीत. माणसं नाहीत म्हणजे चहा नाही, साखर नाही, दूध नाही. आणि जाळीतली पुरचुंडी सुखरूप. एका खोट्यावर तिने अख्खं घर उभं केलं होतं. माझी अब्रू गेली, पण घराची वाचत होती.

चुडामणला खरं वाटेना. तो बोट पुढे करून यायला लागला की लता मध्ये पडायची. एकदा तर तिने स्वतः माझ्या पत्र्याला हात लावला आणि "आई गं!" म्हणून मागे उडी मारली. इतकी छान की क्षणभर मलाही वाटलं, मी मारलाच असेन. त्यानंतर चुडामण माझ्यासमोरून जाताना भिंतीला घासून जायला लागला. सगळ्या चाळीत बातमी झाली. बायका मुलांना सांगायच्या, तिकडे जाऊ नको, कूलर धरेल.

आखाजी तोंडावर आली. पैसे जवळजवळ जमले होते. थोडेच कमी होते. लताने ठरवलं, माहेरी जायचं. आखाजीला आई लेकीला बांगड्यांसाठी काहीतरी देतेच. ते घ्यायचं, बांगड्या भरायच्या नाहीत, दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत यायचं आणि नानांच्या तोंडावर पैसे ठेवायचे. जमलेले पैसे बरोबर न्यायचे तर गाडीत गर्दी, कडेवर पोर. त्यापेक्षा मी बरा.

तिचा भाऊ नथ्थू न्यायला आला. माहेर नरडाण्याजवळच्या खेड्यातलं. निघताना तिने गळ्याभोवती पदर आवळला. आईसमोर हा पदर कसा सांभाळायचा, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दारात थांबून ती चुडामणला म्हणाली, "आयकं का? घागर भरा. पत्ते खेळू नका. आणि कूलरले हात नका लावू."

"नही लावाव," चुडामण म्हणाला. "मी काय येडा शे?"

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग दोघं बहीणभाऊ शिडीखालून वाकून बाहेर पडले. मला वाटलं, आता या घरात खरं माहीत असलेला मी एकटाच उरलो, आणि मला तोंड नाही.

आखाजीची सकाळ. चुडामणने नवी मातीची घागर आणली, भरली, वर आंबा ठेवला, वारलेल्या बापाच्या नावाने पूजा केली. ते पाणी पितरांचं. त्याला कोणी हात लावत नाही. त्याने मनापासून नमस्कार केला. मला बरं वाटलं. तासभर बरं वाटलं.

दुपारी झुलाल आला, खांद्यावर सतरंजी. "वहिनी नही शे ना?"

"नही. पण मी खेळाव नही."

"नको खेळू. नुसती जागा दे. मनी बायको घरमा शे."

सतरंजी पसरली. चुडामण पत्त्यांकडे पाठ करून बसला. मग मान वळली. मग खांदा वळला. मग तो बसला. तेवढ्यात दारात सावली पडली. भाईदास नाना. पांढरा सदरा, कपाळावर गंध. आखाजीला मालक आणि भाडेकरू एका सतरंजीवर बसतात. त्यांनी खिसा थोपटला.

"पोत खिसामाच शे," ते हसून म्हणाले. "सकाये सोनार दुकान उघडस ना उघडस, मी तठे. येळ कशाले घालवा?"

चुडामणने पत्ते खाली ठेवले आणि सकाळपर्यंतच्या मुदतीची आठवण दिली. "नाना, उद्या सकायलोंग..."

"उद्या सकायलोंग पोत मना खिसामा. वाट रे पत्ते, झुलाल."

बाहेर सगळं पांढरं झालं होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. पत्ते हाताला चिकटत होते. डावामागून डाव झाले आणि नानांचा सदरा अंगाला चिकटला. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं.

तो क्षण येणार हे मला होळीपासून माहीत होतं.

"कूलर लाव."

"करंट मारस, नाना," चुडामण म्हणाला.

"मना पाय मा रबरनी चप्पल शे. मी लावस."

"लता नको म्हणी गयी शे."

"लता पत्ते बी नको म्हणीच गयी व्हई. मंग?"

झुलाल खो-खो हसला.  नानांनी माझ्या टाकीत डोकावून पाहिलं. कोरडी. नळाला पाणी नव्हतं, माठ तळाला गेला होता. घरात भरलेलं पाणी एकाच ठिकाणी होतं.

"नाना, ती घागर नको," चुडामण उभा राहिला. "ते बाबानं पाणी शे."

"तुना बाप मना दोस्त व्हता," नाना म्हणाले. "पितरस्ले बी जराशी हवा लागी." आणि त्यांनी आंबा उचलून सतरंजीवर ठेवला, घागर उचलली आणि पितरांचं पाणी माझ्या पोटात ओतलं. निम्मं जमिनीवर सांडलं.

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे. मला देवाधर्मातलं काही कळत नाही. पण ते पाणी आत आलं तेव्हा माझ्या तळाशी काहीतरी हललं.

नानांनी बटण दाबलं.

माझं पातं कितीतरी महिन्यांनी फिरलं. आधी कुरकुरलं. मग धार आली. मी हवा ओढली. मला ओढायची नव्हती, पण आमचं तेच काम. डाव्या जाळीतलं गवत थरथरलं. झबल्याचं कापड पात्याला लागलं आणि फाटलं. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत.

पहिली नोट नानांच्या कपाळाला येऊन चिकटली. बरोबर गंधावर.

 मग दुसरी आली. मग दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, काही अख्ख्या, काही अर्ध्या, काहींचे तुकडे, लग्नात अक्षता पडाव्यात तशा सतरंजीवर पडायला लागल्या. झुलाल हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं चुडामणच्या बापाने आहेर केला. खोलीतला प्रत्येक माणूस माझ्याकडे बघत होता आणि माझ्या तोंडातून एका बाईची सगळी थंडी बाहेर पडत होती.

सगळ्यात शेवटी झबल्याची चिंधी आली. लाल, पिवळ्या फुलांची. ती चुडामणच्या मांडीवर पडली. त्याने उचलली. ओळखली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या डाळीच्या डब्याकडे, मग देवाच्या फोटोकडे. त्याचा चेहरा इतका उतरला की बाहेरच्या उन्हात सावली पडल्यासारखं झालं.

"ह्या लताना पैसा शेतस," तो हळूच म्हणाला. "पोत सोडवासाठेना."

नाना सावकाश सतरंजीवर वाकले. त्यांचा आवाज मऊ होता, आणि तो मऊ झाला की मला भीती वाटायची.

"आखाजीना नियम शे, चुडामण. सतरंजीवर पडनं ते डावनं. डाव चालू शे. पत्ते उचल."

"नाना!"

"पत्ते उचल. जिंकना तर तुना." आणि हसले. कारण आपल्या हातात काय पत्ते आहेत ते त्यांना माहीत होतं. चुडामणच्या हातात काय आहे तेही दिसत होतं, कारण त्याला पत्ते नीट धरताच यायचे नाहीत.

एक पन्नासची नोट माझ्या पंख्यापुढच्या पट्ट्यांत अडकून फडफडत होती. तेवढीही नानांना सोडवेना. त्यांनी हात पुढे केला. त्यांची एक चप्पल सतरंजीवर वाकताना निघाली होती. जमिनीवर पितरांचं पाणी होतं. आणि चाळीतली वायर, जी नानांनी स्वतः स्वस्तात ओढून घेतली होती, ती त्या पाण्यात पडली होती.

त्या सबंध उन्हाळ्यात लोकांनी माझ्याबद्दल जे सांगितलं, ते त्या क्षणी खरं झालं.

"मरी गयू रे माय!"

नाना उडाले. खरंच उडाले. मागे झेप घेतल्यासारखे गेले आणि सतरंजीच्या मधोमध उताणे पडले, नोटांमध्ये, आंब्यावर. आंबा फुटला. चुडामणने लाकडी पाटाने बटण बंद केलं. माझं पातं थांबलं. नानांच्या खिशातून कापडी पिशवी घरंगळली आणि पोत सतरंजीवर पडली, चकाकत.

 नाना डोळे उघडून छताकडे बघत होते. श्वास चालू होता. सदऱ्यावर आंब्याचा रस होता आणि त्यांना तो रक्त वाटत होता.

झुलालने त्यांना वाकून पाहिलं. जिवंत आहेत याची खात्री केली. मग गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "नाना, तुम्हीन बी सतरंजीवर पडनात. आते तुम्हीन बी डावना. जो जिंकी तो तुम्हले घर लई जाई."

नानांचा हात पोत चाचपू लागला.

"पोत बी डावनी," झुलाल म्हणाला. "नियम शे. बोला, पत्ते उचलाना का?"

नानांची नजर रिकाम्या घागरीकडे गेली. मग माझ्याकडे. मला शपथ घेता येत नाही, पण मी तेव्हा काहीच केलं नव्हतं. फक्त टाकीतलं उरलेलं पाणी आतल्या आत डुचमळलं. नाना तेवढ्यानेच उठून बसले.

"नियम नही," ते पुटपुटले. "डाव मोडा. ज्यानं त्यानं उचला." पोत खिशात घातली, दुसरी चप्पलही तिथेच सोडून अनवाणी उन्हात गेले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने लता आली. नथ्थू बरोबर होता. दारातून वाकून आत येताना शिडीला काहीतरी लटकलेलं तिच्या केसांना लागलं. ओली नोट होती. अख्ख्या शिडीवर, पायरी-पायरीवर नोटा वाळत घातल्या होत्या. खाली चुडामण बसला होता. समोर कणकेची खळ. तो नोटांचे तुकडे जुळवत होता. रात्रभर जागलेले डोळे, बोटं खळीने माखलेली. दहाच्या अर्ध्याला वीसचं अर्धं लावून बसला होता.

लताने सुगंधाला खाली ठेवलं. मला वाटलं, आता हे घर मोडतं.

"मी हात नही लावा," चुडामण म्हणाला. एवढंच त्याला म्हणता आलं.

तिने शिडीवरच्या नोटा नजरेने मोजल्या. मग बसली. त्याच्या हातातून दहाचं अर्धं काढून घेतलं आणि त्याचं खरं अर्धं शोधायला लागली. त्याने कालचं सगळं सांगितलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "खळ पातळ करा. जाड खळने नोट फुगस." लग्न झाल्यापासून पैशांसमोर दोघं एकत्र बसायची ती पहिली वेळ होती.

नाना आले तेव्हा कोपराला हळद लावलेली होती. मला टाळून, पार भिंतीकडून आले. लताने शिडीवरच्या आणि खळीच्या नोटा, आणि पदराच्या गाठीतले बांगड्यांचे पैसे पुढे ठेवले. नानांनी मोजले. दोनदा मोजले. हिशोब बरोबर होता. मग त्यांनी चिकटवलेल्या नोटा बाजूला सारल्या.

"ह्या फाटेल शेतस. ह्या मी लेवाव नही. त्यामुळे पैसा कमी. पोत सोनारकडे."

चुडामणची मान खाली गेली. नथ्थूने मुठी आवळल्या. लता जागची हलली नाही.

"नाना," ती म्हणाली, "बटन कोनी दाबं?"

नाना नोटांशी चाळा करू लागले.

"घागर कोनी ओती?"

दारात झुलाल टेकून उभा होता. त्याच्यामागे चाळीतल्या बायका. कोणीच काही बोललं नाही. आणि कोणी काही बोलत नाही तेव्हा चाळीत सगळं ऐकू येतं. नानांनी एकेक करून फाटक्या नोटा उचलल्या. त्यातली एक उलटी चिकटवलेली होती. त्यांनी तीही घेतली. पोत काढून लताच्या हातावर ठेवली.

तिने ती तिथेच गळ्यात घातली. कितीतरी महिन्यांनी पदर खांद्यावरून सैल सोडला.

नाना दारापर्यंत गेले, पण नाना ते नानाच. वळून म्हणाले, "कालनं कूलरनं लाईटबिल येगळं."

"वायर तुमनी, करंट तुमना," लता म्हणाली. "बिल बी तुमनंच."

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने गंजलो असतो.

पण करंटच्या भीतीने मला धाब्यावर नेलं. शिडी शेवटी कामाला आली ती त्यासाठीच. चुडामणला त्याचा फार आनंद झाला. "मी म्हणे ना कामे येई!" घरात कर्ज राहिलं नाही. लता आणि चुडामण पगाराच्या दिवशी एकत्र बसून हिशोब करायला लागले. आता एकमेकांपासून काही लपवायचं नाही, असं ठरलं. मी वरून ऐकत होतो.

वर्षं गेली. एका हिवाळ्यात लता पापड वाळत घालायला वर आली. इकडे तिकडे पाहिलं. माझी उजवी जाळी काढली आणि एक पुरचुंडी आत ठेवली. तिचा विचार मला कळला. डाव्या जाळीचा अनुभव घेतल्यावर लता परत कूलरमध्ये ठेवेल, असं चुडामणच्या स्वप्नातही येणार नव्हतं.

त्याच महिन्यात चुडामण वर आला. झुलालला मोटारसायकलसाठी तो नानांकडे जामीन राहिला होता आणि झुलालचे हप्ते थकले होते. हे लताला सांगायचं राहून गेलं होतं. त्याने इकडे तिकडे पाहिलं. माझी डावी जाळी काढली आणि त्या हप्त्यांसाठी साठवलेले पैसे आत खुपसले. त्याचाही विचार तोच होता.

आणि या संक्रांतीला सुगंधा आली. आता शाळेत वरच्या वर्गात आहे. तिने मागची जाळी काढून काहीतरी आत ठेवलं. तिचं काय चाललंय ते मला माहीत नाही. तिच्या वयाच्या मुलीला विचारू नये.

तीन जाळ्या, तीन माणसं. आणि मधे माझं पातं.

उद्या आखाजी आहे. या वर्षी ताईबाई आजारी आहेत, म्हणून लता माहेरी न जाता माहेरच इथे येणार आहे. उकाडा फार, म्हातारीला सोसणार नाही, म्हणून कूलर खाली घ्यायचा, असं नथ्थूने सांगून पाठवलंय. तिघंही "हो" म्हणाले. तिघांचेही चेहरे उतरले. मी काढतो, तुम्ही थांबा, असं चुडामण म्हणाला. मी काढते, तुम्ही थांबा, असं लता म्हणाली. मला एकटीलाच जमेल, असं सुगंधा म्हणाली. कोणी कोणाला एकटं सोडायला तयार नाही.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे मित्रांनो. घरातली जुनी वस्तू एकदम सुरू करू नका. आधी तिची जाळी उघडा, गवत चाचपा, वायर बघा. आणि बटणावर बोट ठेवण्याआधी एकमेकांच्या तोंडाकडे बघून विचारा, तुझं काही आत आहे का? आमची यंत्रांची जात मुकी आहे. तुम्हाला तर तोंड दिलंय.

शिडी भिंतीला टेकली. खालची पायरी वाजली. तिघं एकदमच चढतायत.

कोणीतरी विचारा. आत्ताच विचारा.